जे आपल्याला बनवता येत नाही

१९२९ चा जानेवारी. तुम्ही परळला, हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आवारात उभे आहात. गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप मिटून तीनच महिने झालेत. भोंगे पुन्हा वाजू लागलेत. चाळींतल्या उधाऱ्या मात्र अजून फिटायच्या आहेत. समोरची वास्तू एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान होती, आता इथे प्लेगची लस तयार होते. दाराशी तुम्हाला कोणी हटकत नाही. काळात मागे आलेल्या माणसाला बघायची मुभा असते, ढवळाढवळ करायची नसते. ही अट तुम्हाला लवकरच जाचणार आहे.

आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या बाई म्हणजे डॉ. लूसी विल्स. वय चाळीस, लंडनहून आलेल्या. मुंबईतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा छडा लावायचं काम त्यांच्याकडे आहे. त्या टिपण करायला उठल्या की तुम्ही डोळा लावा. रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशी मोजक्याच दिसतात, पण एकेक भलती मोठी. अंगात लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे सगळं उलटं चाललंय.

विल्सबाई काचपट्टीवर थांबत नाहीत, बायकांच्या ताटापर्यंत जातात. कोणत्या घरात काय शिजतं, बाईच्या वाट्याला त्यातलं किती येतं, याची त्या कसून चौकशी करतात. गरीब मुसलमान कुटुंबांतल्या बायकांचं जेवण सगळ्यांत निकृष्ट आणि त्यांच्यातच हा आजार सगळ्यांत जास्त, हे त्यांच्या ध्यानात आलंय. ही हवेतून किंवा पाण्यातून आलेली साथ नाही. ताटात काहीतरी नाही, म्हणून ही बाई धापा टाकते आहे.

ते काहीतरी तुमच्या खिशात आहे. निघताना औषधाच्या दुकानातून घेतलेली फोलिक ॲसिडची पट्टी, पाच मिलिग्रॅमच्या पिवळ्या गोळ्या. बाहेर बाकावर बसलेल्या बाईला त्यातली रोज एक मिळाली तर आठवड्याभरात तिच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागतील. पेशीला दुभंगायचं तर आधी डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते, आणि डीएनएच्या चार घटकांपैकी थायमिन बनवायला फोलेट लागतं. ते नसलं की पेशी वाढत राहते, पण तिच्या दोन होत नाहीत. म्हणून मोठ्या पेशी, आणि म्हणून थोड्या. हे तुम्हाला ठाऊक आहे. या इमारतीत आज कोणालाही ठाऊक नाही, कारण फोलेट हा शब्दच जन्माला यायचा आहे. गोळी खिशातच राहू द्या.

पुढची दोन वर्षं झरझर सरकू द्या. विल्सबाई त्या बायकांचं जेवण उंदरांना घालतात, मग माकडांना. त्यांना तसाच पंडुरोग जडवतात आणि मग एकेक पदार्थ देऊन पाहतात. गुण येतो तो मार्माइटने. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा हा काळपट, चिकट, खारट अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात. तो स्वस्त आहे आणि बाटलीत भरून आगबोटीने येतो. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध छापून येतो. यीस्टमधल्या त्या निनावी पदार्थाला पुढे काही काळ लोक 'विल्स फॅक्टर' म्हणतात.

इथून निघण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करा: माणसाला फोलेट बनवता येत नाही. पालकाला येतं, यीस्टला येतं, गटारातल्या जिवाणूलाही येतं. आपल्याला ते खाऊनच मिळवावं लागतं. परळच्या बाकावरची बाई याच उणेपणापायी मरणाच्या दारात बसली आहे. तो उणेपणा दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे तिथे बसून सुचणं शक्य नाही.

डिसेंबर १९३२, जर्मनी. वुपर नदीच्या वर लोखंडी कमानींना टांगलेली आगगाडी तुम्हाला एल्बरफेल्डच्या कारखान्याजवळ सोडते. खाली नदी, दोन्ही काठांना धुराडी, हवेत रसायनांचा उग्र वास. आय.जी. फार्बेन या प्रचंड कंपनीचा हा बायर विभाग. धंदा मूळचा रंगांचा. आता रंगांतून औषधं शोधायचा नाद लागलेला. रंग कापडाला जसा पकडून बसतो तसा जिवाणूलाही पकडेल, ही त्यामागची आशा.

प्रयोगशाळेत गेरहार्ट डोमाक उंदरांचे पिंजरे तपासताहेत. सदतीस वर्षांचे, उंच, अबोल. पहिल्या महायुद्धात स्वतः जखमी झाल्यावर त्यांनी पूर्व आघाडीवर वैद्यकीय पथकात काम केलं होतं. शस्त्रक्रिया नीट होऊनही जखम चिघळून माणसं कशी जातात, ते तिथे त्यांनी रोज पाहिलं. इथे त्यांच्यासमोर २६ उंदीर आहेत. सगळ्यांना जीवघेण्या स्ट्रेप्टोकॉकसची लागण केलेली. १२ जणांना योसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीट्श या रसायनतज्ज्ञांनी बनवलेला एक लाल रंग दिलाय, १४ जणांना काहीच नाही. चौथ्या दिवसापर्यंत ते १४ मेलेले असतात. बारा मात्र पिंजऱ्यात हिंडताहेत.

आता बाजूच्या टेबलावरची परीक्षानळी बघा. तिच्यात तोच जिवाणू आणि तोच लाल रंग आहे. जिवाणू खुशाल वाढतोय! नळीत ज्या औषधाचा काडीचाही उपयोग नाही, ते उंदराच्या अंगात जीव वाचवतं. दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत हा रंग नळीतल्या चाचणीतच बाद झाला असता. डोमाक जिवंत प्राण्यावर चाचणी घेण्याचा हट्ट धरून बसले होते, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण त्या रंगापेक्षा या हट्टात आहे. (रंग बनवणाऱ्या दोघांना पुढे डोमाक यांच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला नाही, हे आजही खटकतं.)

नाताळच्या दिवशी कंपनी पेटंटचा अर्ज करते. निबंध मात्र छापला जातो फेब्रुवारी १९३५ मध्ये. मधली दोन वर्षं हे लाल औषध, प्रॉन्टोसिल, मोजक्या जर्मन दवाखान्यांबाहेर फारसं कोणाला माहीत नाही. त्या दोन वर्षांत युरोपभर किती बाळंतिणी ताप चढून गेल्या असतील, याचा हिशेब कंपनीच्या कागदांत नसतो. निबंध निघाल्यावर काही महिन्यांतच डोमाक यांची लहान मुलगी हिल्डेगार्ड सुई हातात घेऊन जिन्यात पडते. हाताला विषारी सूज चढते, हात कापायची भाषा सुरू होते. बाप तिला प्रॉन्टोसिल देतो. हात वाचतो, मुलगीही.

नोव्हेंबर १९३५, पॅरिस, पाश्चर इन्स्टिट्यूट. फूर्नो यांच्या विभागात जर्मनांच्या लाल औषधाची चिरफाड चालू आहे. जाक आणि तेरेझ त्रेफुएल हे नवरा-बायको, फेदेरिको नित्ती आणि तरुण दान्येल बोवे. आज उंदरांच्या गटांना निरनिराळे लाल-नारिंगी रंग टोचायचेत. शेवटचे चार उंदीर उरतात आणि द्यायला नवा रंग नसतो. फळीवर एक बिनरंगी पूड पडून आहे, लाल रेणू मधोमध मोडला की त्यातून निघणारा साधा तुकडा. देऊन बघू, म्हणून ती देतात. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याशी तुम्ही त्यांच्या खांद्यावरून डोकावता: ते चारही उंदीर ठणठणीत आहेत.

रंगाचा काही संबंधच नव्हता तर! अंगात गेल्यावर रेणू तुटतो आणि काम करतो तो हा तुकडा, सल्फानिलअमाइड, थोडक्यात सल्फा. नळीत रंग तुटत नाही, म्हणून तिथे गुण येत नाही. आणि हा तुकडा व्हिएन्नाच्या पॉल गेल्मो या विद्यार्थ्याने १९०८ मध्येच बनवून प्रबंधात नोंदवला होता. पेटंटची मुदत केव्हाच संपलेली. कोणीही बनवावा, कोणीही विकावा. एल्बरफेल्डच्या साहेबलोकांचा त्या दिवशीचा चेहरा बघायला मागे फिरायचा मोह आवरा.

लंडनला १९३६ मध्ये, हॅमरस्मिथच्या क्वीन शार्लट हॉस्पिटलच्या वेगळ्या इमारतीत, तुम्ही बाळंतज्वराच्या वॉर्डात येता. इथे फार वेळ थांबवत नाही. बाळ ठणठणीत, घरी नेलेलं. आई तापाने बरळते आहे. चार बाळंतिणींमागे साधारण एक परत जात नाही, असा इथला नेहमीचा अनुभव. लेनर्ड कोलब्रुक प्रॉन्टोसिल देऊन पाहतात. लाल औषधाने बायकांची कातडी गुलाबी दिसू लागते. पहिल्या ३८ जणींपैकी ३ दगावतात, बाकीच्या घरी जातात. जूनमध्ये लॅन्सेटमध्ये हे आकडे छापून आल्यावर इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर सल्फाच्या मागे लागतात.

औषध लागू पडतं हे सिद्ध झालं. पण ते जिवाणूचं नेमकं काय बिघडवतं? यावर चार वर्षं नुसते तर्क चालतात.

उत्तराचा धागा पुन्हा यीस्टमध्येच सापडतो, आणि या सगळ्या प्रवासातला मला सगळ्यांत आवडणारा मुक्काम हाच. १९४० चा वसंत, लंडनचं मिडलसेक्स हॉस्पिटल. खिडक्यांना काळे पडदे लावायची सोय झालेली आहे, बॉम्ब पडायला अजून काही महिने आहेत. पॉल फिल्ड्स यांच्या हाताखाली डॉनल्ड वुड्स नावाचा जीवरसायनतज्ज्ञ काम करतोय. नळीत जिवाणू वाढताहेत. सल्फा घातलं की वाढ थांबते. मग वुड्स त्यात यीस्टचा अर्क टाकतात आणि वाढ पुन्हा सुरू होते. परळमध्ये बाईला उठवून बसवणारा यीस्टचा अर्क इथे जिवाणूला वाचवतोय.

अर्कातलं ते द्रव्य सल्फाच्या तोंडवळ्याचं असणार, असा वुड्स यांचा अंदाज. अ‍ॅसिड, अल्कली, विद्रावक वापरून त्याचे गुणधर्म ते हुडकून काढतात आणि एका साध्या रसायनापाशी येऊन थांबतात: पॅरा-अमिनोबेन्झोइक ॲसिड, आद्याक्षरांनी 'पाबा'. बाटलीतलं शुद्ध पाबा चिमूटभर टाकलं तरी सल्फा निष्प्रभ होतं. पाबाचा एक रेणू सल्फाच्या हजारो रेणूंना भारी पडतो. दोघांचे रेणू कागदावर शेजारी काढा. मधे तीच षटकोनी कडी, एका टोकाला तोच अमिनो गट. दुसऱ्या टोकाला एकात कार्बन, दुसऱ्यात गंधक. वुड्स म्हणतात, पाबा ही जिवाणूची गरज आहे, ते वापरणारं एखादं एन्झाइम त्याच्यात असलं पाहिजे, आणि सल्फा त्या एन्झाइमची जागा अडवतं. एन्झाइम कोणतं, पाबाचं त्यात काय होतं, यातलं काहीच त्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं नेमकं वर्णन करणारा हा माणूस मला डोमाक यांच्याइतकाच मोठा वाटतो. त्याचं नाव मात्र सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं गेलेलं नाही.

पुढचा सांधा जुळतो १९४५ च्या सुमाराला, न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला, लेडर्ले कंपनीत. संशोधनाचे प्रमुख आहेत भीमावरमहून अमेरिकेत आलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. फोलेट हे नाव एव्हाना पालकाच्या पानांवरून पडलेलं आहे. सुब्बारावांच्या हाताखालचा गट तो रेणू प्रयोगशाळेत बनवून त्याची रचना पक्की करतो. त्याचे तीन तुकडे आहेत. एका टोकाला टेरिन नावाची जोडकडी, दुसऱ्या टोकाला ग्लुटामिक ॲसिड. आणि मधोमध पाबा. विल्सबाईंचा यीस्टमधला पदार्थ आणि वुड्स यांचं जिवाणूला वाचवणारं द्रव्य एकाच रेणूत सापडतात.

राहिलं ते एन्झाइम. त्याचं काम नळीत दाखवायला १९६२ उजाडावं लागतं. एमआयटीत जीन ब्राउन ते करतात. नाव जिभेला जड आहे: डायहायड्रोटेरोएट सिन्थेज. ते कसं चालतं हे बघायचं तर वर्षं सोडून आकार बदलावा लागेल. तुम्ही आता नॅनोमीटरभर उंचीचे झालात आणि जिवाणूच्या पोटात आहात.

इथे काहीच स्थिर नाही. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळताहेत, प्रथिनं एकमेकांना ढुशा देताहेत. समोरचं एन्झाइम म्हणजे आठ पट्ट्या गोलाकार उभ्या करून बनलेलं एक पिंप. पिंपाच्या तळाशी आधी टेरिन येऊन बसतं, फॉस्फेटची जोडशेपटी घेऊन. मॅग्नेशियमच्या आधाराने ती शेपटी तुटू लागते आणि टेरिनचं मोकळं टोक जोडीदारासाठी आसुसतं. त्याच वेळी पिंपाच्या तोंडावरचे दोन लवचीक पाश आत वळून एक नवा कप्पा तयार करतात. त्या कप्प्यात पाबा शिरतं, अमिनो टोक आत. बंध जुळतो, शेपटी गळून पडते, पाश उघडतात आणि अर्धं तयार झालेलं फोलेट पुढच्या एन्झाइमकडे जातं. हे सगळं स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांतून टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवलं मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या संशोधकांनी, थेट २०१२ मध्ये. जे औषध १९३२ पासून जीव वाचवत होतं, ते नेमकं कुठे बसतं याचं इतकं बारीक चित्र हाती यायला ऐंशी वर्षं लागली.

आता बाहेरून सल्फा येऊ द्या. कप्प्याला फरक कळत नाही. सल्फा पाबाच्या जागी बसतं, कधी कधी टेरिनशी जुळतंसुद्धा, आणि त्यातून पुढे काही उपयोग नसलेला रेणू निघतो. जिवाणू तरीही लगेच थांबत नाही. पेशीत आधीचं फोलेट शिल्लक असतं, काही पिढ्या त्यावर निभावतात. शिल्लक सरली की डीएनएची प्रत काढायला थायमिन मिळत नाही आणि विभाजन थांबतं. नेमकी हीच गत परळच्या काचपट्टीवरच्या पेशींची झाली होती. थबकलेल्या जिवाणूंना मारायचं काम मग रुग्णाच्या पांढऱ्या पेशी करतात.

आणि रुग्णाच्या पेशींचं काय? त्यांना या औषधाचा पत्ताही लागत नाही. त्यांच्यात हे एन्झाइमच नाही. त्या फोलेट बनवत नाहीत, जेवणातून आलेलं उचलतात; बहुतेक जिवाणूंना तसं बाहेरून उचलता येत नाही. क्वीन शार्लटमधली आई वाचली ती तिच्या शरीरात एक कारागिरी नव्हती म्हणून, आणि मुंबईतली गरोदर बाई धापा टाकत होती तीही त्याच कारणाने. फरक इतकाच, की एकीच्या ताटात हिरवी भाजी होती.

वरोऱ्याला १९५० च्या दशकात चला. इथे काळाचा वेग वेगळा आहे. लंडनच्या वॉर्डातला स्ट्रेप्टोकॉकस अर्ध्या तासात दुप्पट होत होता. कुष्ठरोगाच्या जिवाणूला एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. बाबा आमट्यांच्या आनंदवनात खडकाळ जमीन फोडून शेतं उभी राहताहेत, आणि त्या काळात जगभर कुष्ठरोगावर जी गोळी दिली जाते ती आहे डॅप्सोन. सल्फाची ही चुलत बहीण. तीही पहिल्यांदा १९०८ मध्येच बनली, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला. तिचंही लक्ष्य तेच एन्झाइम, तोच पाबाचा कप्पा. चेंगलपट्टूला रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९४० च्या दशकात ती कुष्ठरुग्णांवर वापरून दाखवली आणि स्वस्त असल्यामुळे ती खेड्यापाड्यांत पोचली. तोवर चालमुगऱ्याच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं घेण्याखेरीज रुग्णाच्या हाती फारसं काही नव्हतं.

पण शत्रू सावकाश वाढतो, म्हणून औषधही वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. एकच गोळी, वर्षानुवर्षं. जिवाणूला धडा शिकायला याहून निवांत शाळा मिळाली नसती. १९६४ मध्ये मलेशियातल्या सुंगेई बुलोहच्या रुग्णांत डॅप्सोनला न जुमानणारा जिवाणू सिद्ध होतो. म्हणूनच १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी दोन-तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं.

जिवाणू धडा कसा शिकतो, ते कप्प्याजवळ पुन्हा उभं राहिलं तर दिसतं. पाबा कप्प्यात पूर्ण मावतं. सल्फाचं गंधकाकडचं टोक किंचित बाहेर राहतं, पाहुण्याने माजघरात बसून पाय उंबऱ्याबाहेर सोडावेत तसं. जिवाणूंनी नेमकं तेवढंच हेरलं. त्यांच्यातले बदल पाय टेकतात तिथेच होतात, त्यामुळे पाहुणा बसू शकत नाही आणि घरच्याला अडचण होत नाही. कुष्ठरोगाच्या जिवाणूत ते ५३ आणि ५५ क्रमांकाच्या अमिनो ॲसिडांत सापडतात.

आतड्यातल्या जिवाणूंनी त्याहून सोपी वाट काढली. स्वतःचं एन्झाइम बदलत बसण्यापेक्षा त्यांनी दुसरंच उसनं घेतलं. 'सुल' नावाचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, फिरत असतात. त्यांच्यापासून बनणाऱ्या एन्झाइममध्ये फेनिलअ‍ॅलॅनिन आणि ग्लायसीन अशी दोन अमिनो ॲसिडं कप्प्यापाशी जास्तीची घुसवलेली आहेत. २०२३ मध्ये त्यांची चित्रं आली, तेव्हा ही जास्तीची जोडी सल्फाला कशी आडवी येते ते दिसलं. पाबाला तिचा काही त्रास होत नाही.

आता १९९९ मधल्या पूर्व लंडनमध्ये थोडा वेळ थांबा. ब्रिटनने सल्फाचा वापर जवळजवळ बंद केलाय. दशकभरात चिठ्ठ्या ९७ टक्क्यांनी घटल्यात. औषध नाही म्हटल्यावर त्याला दाद न देणारे जिवाणूही ओसरतील, अशी सगळ्यांची अपेक्षा. रॉयल लंडन रुग्णालयात ई. कोलायचे नमुने तपासले जातात. १९९१ मध्ये ३९.७ टक्के नमुने सल्फाला दाद देत नव्हते. आता ४६ टक्के देत नाहीत. सुल जनुक ज्या कड्यावर बसतो तिथे दुसऱ्या औषधांपासून वाचवणारे जनुकही बसलेले असतात. त्यातलं कुठलंही एक औषध वापरात असलं की सगळी टोळी टिकते. आपल्याकडे सेप्ट्रानची गोळी अजून घराघरांत ओळखीची आहे, आणि तिच्यात ट्रायमेथोप्रिमच्या जोडीला सल्फाच आहे.

पिंपाच्या तळाशी, जिथे टेरिन बसतं, तिथे मात्र गोष्ट निराळी आहे. तो कप्पा जिवाणूंच्या जातींमध्ये जवळपास सारखाच आहे. तिथे फेरफार करायला गेलं तर टेरिनच बसणार नाही आणि जिवाणू स्वतःच उपाशी मरेल. मेम्फिसच्या गटासह काही रसायनतज्ज्ञ तिथे घट्ट बसेल असा रेणू शोधत आले आहेत. त्यातून दुकानात मिळणारी गोळी अजून निघालेली नाही.